पुस्तकात आहे तसंच

सिनेमाचा दुसरा भाग शुक्रवारी लागला आणि शनिवारी दुपारपर्यंत जगाची सरळ दोन शकलं झाली. एका बाजूचं म्हणणं, असा सिनेमा कैक वर्षांत झाला नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, असा घात कैक वर्षांत झाला नाही. कुणी फाडलेल्या तिकिटाचा फोटो टाकला. कुणी दिग्दर्शकाला कादंबरीची प्रत भेट पाठवायचं आवाहन केलं, निदान आता तरी वाचेल म्हणून. एका बाईने लिहिलं की मी थिएटरात इतकी रडले की शेजारच्या परक्या माणसाने मला त्याचा रुमाल दिला, तर तिच्याखाली शेकडो लोकांनी येऊन एकच प्रश्न विचारला, "तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

भांडणाचं मूळ एवढंसं होतं. कादंबरीत एका अंतराळयानाची चालक आहे. यानातली हवा बिघडते, तेव्हा ती आपल्या तान्ह्या मुलीला काचेच्या शीतपेटीत झोपवते आणि स्वतः वर्षानुवर्षं एकटी जागी राहून यान हाकते. सिनेमाच्या पहिल्या भागात पेटीचं झाकण लागतं. दुसऱ्या भागात, म्हणजे पुस्तकाच्या उरलेल्या निम्म्यात, यान मुक्कामाला पोचतं आणि झाकण उघडतं. पुस्तकात मूल उठत नाही. सिनेमात उठतं.

यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याने मंडळाची पायरी चढू नये.

हे मंडळ त्या एकाच कादंबरीच्या वाचकांचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे ते महिन्यातून एकदा जमत. खोलीला कायम रबराचा आणि ग्रीसचा वास. मंडळ काढलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. स्वभावाने गरीब, पण पुस्तकाच्या बाबतीत कर्दनकाळ. कुणी एखादं वाक्य बोलताना ध चा मा केला, तर भर बैठकीतून त्याला खाली पाठवायचे, "जा, सायकलची हवा बघून ये," म्हणून. मंडळाला त्यांनी एक रीत घालून दिली होती, तिचं नाव उलटी फेरी. ज्याला एखादी गोष्ट आवडली असेल त्याने आधी तिच्याविरुद्ध बोलायचं, आणि नावडली असेल त्याने आधी तिची तारीफ करायची. मग दुसऱ्या फेरीत ज्याने त्याने मनातलं बोलावं. "लिफ्ट वर जाते की नाही हे बघायचं तर आधी तिला तळाला आणावी लागते," असं ते सांगत.

लिफ्टवाले तीन महिन्यांपूर्वी गेले. काही नाट्य झालं नाही. छातीत दुखतंय म्हणाले, बूट काढायला खाली वाकले आणि वर आलेच नाहीत.

त्यांच्या मागे बायको आणि एक मुलगी. मुलगी चाळिशीच्या अलीकडची, दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यावर ती कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवायची. दिवसभर मेण, पावडर आणि बारीक कानस. उरलेला वेळ पुस्तकं. वडलांनी लावलेला नाद. फक्त वडील एकाच पुस्तकापाशी थांबले आणि ती पुढे गेली.

बाबा गेल्यापासून सगळे तिला म्हणत होते, काही लागलं तर सांग. तिला काही लागत नव्हतं. उलट, बाबांसाठी करण्यासारखं काही उरलं नाही, हीच तिची अडचण होती. हत्यारं त्यांच्या जोडीदाराला देऊन झाली, बँकेत जाऊन झालं, चष्मा कुणाला द्यायचा नाही असं ठरवून झालं. आणि शनिवारी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. सचिव टपाल कचेरीत पत्रांची छाननी करायचे आणि तोच आवेश सगळीकडे वापरायचे.

"पोरी, ऐकलंस ना काय केलंय त्यांनी?"

"ऐकलं, काका."

"मूल उठवलंय! चक्क उठवलंय. लिफ्टवाले असते तर पडदा फाडला असता पडदा."

"पडदा नसता फाडला," ती म्हणाली. "पण चिडले असते."

"तेच म्हणतोय. उद्या दुपारचा खेळ बघायचा, तिथून सगळे खोलीत. एक व्हिडिओ करायचा आणि मंडळाच्या पानावर टाकायचा. सुरुवात तू करायचीस. 'माझे वडील, या मंडळाचे संस्थापक, आज असते तर...' असं म्हणायचं, आणि तिथून पुढे तुला सुचेल तसं. आपल्या पानावर किती माणसं आहेत माहितीये ना? ते सिनेमावाले हलले पाहिजेत."

ती लगेच हो म्हणाली. बाबा काय म्हणाले असते हे तिला पाठ होतं. शेवटच्या त्या पानावर ते किती वेळा बोलले होते! म्हणायचे, "लेखकाला मोह झाला असेल की नाही झाकण उघडल्यावर? त्याने मोह आवरला. म्हणून ते पुस्तक." बाबांच्या बाजूने, बाबांच्या तोंडचं बोलायचं, हे एक काम अजून शिल्लक होतं तर. ते नीट करायचं असं तिने ठरवलं.

तिकिटं मंडळाने कधीच काढून ठेवली होती, अख्खी रांग. त्यात सवयीने लिफ्टवाल्यांचंही काढलं गेलं होतं.

"त्यांच्या तिकिटावर मी येते," आई म्हणाली.

आई शर्टांना काजं करायची. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, ती हाताने काजं करून परत पाठवायची; महागाच्या शर्टांना अजून हाताची काजं लागतात. तिचं आणि त्या कादंबरीचं कधी पटलं नव्हतं. ती तिला सवत म्हणायची. "सवतीच्या घरी निघाले," असं दर महिन्याला म्हणायची आणि डबा भरून द्यायची.

"तू? तुला कंटाळा येईल गं."

"पहिल्या भागाला कुठे आला? आणि ह्यांचं तिकीट वाया का घालवायचं?"

"बाबा म्हणाले होते, दुसऱ्या भागाला तुला नको न्यायला. डोळे दुखतील म्हणून."

"दिवसभर सुईत दोरा ओवते मी, चिमे. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?" आईने दाताने दोरा तोडला. "आणि गोष्ट मला ठाऊक आहे सगळी. ह्यांनी वाचून दाखवलंय मला ते, तुझ्या वेळेला. मला कुठे वाचायला हात मोकळे?"

मुलीला हे नवीन होतं. चौदाव्या वर्षी बाबांनी तिच्या हातात ते पुस्तक ठेवलं, तेव्हा बजावलं होतं, आईपाशी यातलं काही बोलत बसू नकोस, तिला चीड येते. तिने ते इमानाने पाळलं होतं. सवत म्हणणाऱ्या बाईला चीड येणारच, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी दुपारी थिएटर गच्च भरलं होतं. निम्मे लोक यानाचं चित्र असलेले सदरे घालून आले होते. आईने पिशवीतून स्वेटर काढून आधीच अंगावर घेतला, "गारठवतात मेले," म्हणत. तिच्या पलीकडे मंडळातल्या सिस्टर बसल्या होत्या; दवाखान्यातली ड्यूटी संपवून त्या तशाच आल्या होत्या. त्यांच्या पलीकडे सर, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. मांडीवर कादंबरी, तिच्यात रंगीत कागदांच्या खुणा इतक्या की पुस्तकाला पिसं फुटल्यासारखं दिसत होतं. आणि टोकाला सचिव, हाताची घडी घालून, जणू पडद्याने आधी आपलं ओळखपत्र दाखवावं.

सिनेमा वाईट नव्हता. मुलीला हे मनातल्या मनात कबूल करावं लागलं. यानातला एकटेपणा छान आला होता. चालकबाई स्वतःशीच बोलते, पेटीच्या काचेवरची वाफ रोज पुसते, ते सगळं जिथल्या तिथे. मग यान उतरलं. झाकण उघडलं. आणि पुस्तकात जिथे एक कोरी ओळ सोडलेली आहे, तिथे पडद्यावर त्या पोरीने डोळे किलकिले केले, तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला.

अर्ध्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. उरलेल्या अर्ध्याने आरडाओरडा केला. मागून कुणीतरी "लाज वाटते का?" असं पडद्यालाच विचारलं. मंडळाची रांग दगडासारखी बसून होती.

मुलीला वाटलं, फार पांढरा दात बसवलाय. गिऱ्हाईक नेहमी पांढराशुभ्र मागतं, आणि तोंडात बसवला की तोच एकटा खोटा दिसतो. हे उदाहरण व्हिडिओत सांगायचं, असं तिने तिथेच ठरवलं. मग तिने आईकडे पाहिलं. आई शांत होती. डोळे ओले होते, पण चेहरा जुन्या ओळखीच्या माणसाला स्टेशनवर उतरवून घ्यायला आल्यासारखा.

खोलीवर चहा झाला. एरवी चहा होईपर्यंत सिनेमाविषयी चकार शब्द काढायचा नाही असा शिरस्ता होता. त्या दिवशी जिन्यातच तोंडं सुटली.

"भेकड आहेत," सर म्हणाले. "निव्वळ भेकड. इतक्या वर्षांनी ती पेटी चालूच राहू शकत नाही. लेखकाने त्याचं गणित दिलंय पुस्तकात. गणित!"

"गणिताचं राहू द्या हो," सिस्टर म्हणाल्या. "मला तर वाटलं, आपल्याला लहान मूल समजलेत. औषध कडू आहे म्हणून साखरेत घोळून दिलं."

सचिवांनी पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल उभा केला, त्याच्यासमोर खुर्ची मांडली. "चला, बस इथे," ते मुलीला म्हणाले. "उजेड आहे तोवर उरकू."

"आधी उलटी फेरी," मुलगी म्हणाली.

"आज कसली उलटी फेरी? ह्या शेवटाची तारीफ कोण करणार? माझी जीभ नाही वळायची."

"बाबांनी केली असती. आधी तारीफ, मग सालटी."

ते सगळ्यांना पटलं, म्हणजे नाकारता आलं नाही. पण सुरुवात कुणी करीना. शेवटी सिस्टरना युक्ती सुचली. दाराजवळच्या स्टुलावर आई बसली होती, बशीत चहा निववत. मंडळाच्या खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

"वहिनी, तुम्हीच सुरुवात करा. पाहुण्यांचा मान."

"मी काय बोलणार?"

"जे वाटलं ते. शेवट कसा वाटला?"

"चांगला केलाय की," आई म्हणाली. "पुस्तकात आहे तसाच केलाय."

सगळी खोली हसली. सचिवांनी मांडीवर थाप मारली. "वा वहिनी! याला म्हणतात उलटी फेरी. लिफ्टवाल्यांच्या घरातलं माणूस शोभता!" सर तर टाळ्या वाजवायला लागले. तारीफ करावी तर अशी, की तिच्यात खरं नावालाही नसावं.

आईने बशी खाली ठेवली. "उलटं काय त्यात? खरंच तसाच आहे. ती पोरगी डोळे उघडते आणि रडते. फक्त इथे लवकर संपवलं त्यांनी. पुढचं कुठाय?"

"पुढचं?" सर म्हणाले. ते अजून हसतच होते. "वहिनी, पुढचं म्हणजे काय? आणि पुस्तकात ते मूल..." त्यांनी पुस्तक उचललं, शेवटची लाल खूण बोटाने पकडली. चुकीचं वाक्य दुरुस्त करायचं म्हणजे पान उघडून दाखवायचं, हीही लिफ्टवाल्यांचीच शिकवण. "थांबा, दाखवतोच."

"मला काय दाखवता? मला ह्यांनी वाचून दाखवलंय," आई म्हणाली. ती दुखावली नव्हती. आपल्याला गोष्ट येत नाही असं ह्या लोकांना वाटतंय, एवढंच तिला खटकलं होतं. "ही माझी चिमी झाली ना, दिवस भरायच्या फार आधी झाली. तळहाताएवढी होती. तिला नेलं काचेच्या पेटीत, वरच्या मजल्यावर, आणि मी खाली पडून. मला उठायची बंदी. हे कामावरून सुटले की आधी वर जायचे, हिला काचेतून बघायचे, मग खाली येऊन माझ्यापाशी बसायचे. बोलायला दोघांनाही काही सुचायचं नाही. म्हणून मग वाचायचे. निम्मं पुस्तक आधी घरी झालंच होतं, मी काजं करताना. उरलेलं दवाखान्यात. ती पोरगी पेटीतून उठली ना, तो दिवस मला अजून आठवतो. मी इतकी रडले की नर्स येऊन ह्यांना रागावली."

हसू कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. सर्वांत आधी सिस्टरना उमगलं. त्यांनी हातातला कप हळूच टेबलावर ठेवला. मग सरांना. लाल खुणेवरचं त्यांचं बोट तिथेच राहिलं आणि त्यांनी पुस्तक बोटासकट मिटलं. सचिव चळतीवरच्या मोबाईलशी चाळा करत होते, ते थांबले.

मुलगी कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत होती. उठावं की बसावं, तिला समजेना. एक शब्द इकडचा तिकडे केला म्हणून माणसांना जिना उतरायला लावणारा तिचा बाप तिच्या डोळ्यांसमोर आला, खाटेच्या कडेवर बसलेला, हातात तेच पान उघडं धरून. वरच्या मजल्यावर ती. खाली आई. आणि पानावर जे छापलंय ते.

"आणि पुढे?" सिस्टरनी विचारलं. आवाज अगदी साधा, जणू रोग्याला विचारावं तसा.

"पुढे तर पुष्कळ आहे. हिला बरेच दिवस ठेवलं होतं तिथे. रोज वाचायचे. ती पोरगी यानात रांगायला लागते, बटणं दाबून ठेवते, आई ओरडते. मग तिला दात येतात. एकदा मी विचारलं, अहो, इतकी वर्षं उपाशी होती, उठल्यावर खाल्लं काय तिने? तर हे गडबडले. पानं उलटसुलट करायला लागले. म्हणाले, ते उद्याच्या भागात आहे." आई हसली. "मला वाटायचं, म्हणूनच एवढं जाडं आहे ते पुस्तक."

सरांनी मिटलेलं पुस्तक छातीशी धरलं.

"काय झालं?" आई म्हणाली. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि शेवटी सरांच्या बोटाकडे. आयुष्यभर टाक्यांतली चूक हुडकणारी बाई ती. "आणा ते इकडे."

"राहू दे ना आई, घरी जाऊन..." मुलगी उठली.

"चिमे, बस खाली."

सरांनी पुस्तक दिलं. दुसरं काही त्यांना करता येण्यासारखं नव्हतं. आईने चष्मा नाकावर खाली घेतला, खुणेचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचू लागली. वाचायची सवय नसलेलं माणूस वाचतं तसं, ओठ हलवत. खाली दुकानात कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होतं. पान संपलं. तिने ते उलटलं. मागे एक कोरं पान होतं, मग पुठ्ठा. तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवून पाहिला, आणखी काही चिकटलेलं राहिलंय का म्हणून.

"लबाड," ती म्हणाली.

मग पुन्हा ते पान काढून पुन्हा वाचलं. ह्या वेळी ओठ हलले नाहीत.

सचिवांनी घसा साफ केला. ते वाईट नव्हते. फक्त हातात घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "म्हणजे वहिनी, याचा अर्थ... लिफ्टवाल्यांना हा सिनेमा आवडला असता, असं म्हणायचं का आपण? कारण मग व्हिडिओचं सगळंच..."

"असं कसं?" सर म्हणाले. "इथे ह्याच खोलीत तीस वर्षं त्यांनी हा शेवट डोक्यावर घेतलाय. त्यांच्या तोंडून ऐकलंय आपण."

"पण स्वतः बदलला ना?" सिस्टर म्हणाल्या.

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"वहिनींनी हेच कॅमेऱ्यासमोर सांगितलं तर?" सचिवांचे डोळे चमकले. "अहो, लोक रडतील!"

"ते घरातलं आहे," आई म्हणाली. पुस्तक तिने सरांना परत दिलं.

मुलगी अजून त्या खुर्चीतच होती. मघाशी तयार केलेलं सगळं, पांढऱ्या दातासकट, तिच्या जिभेवर होतं, आणि आता त्यातलं एकही वाक्य बाबांच्या नावाने बोलता येणार नव्हतं. ते खोटं होतं म्हणून नव्हे. बाबांना पुस्तकाचा शेवट आवडायचा, हे खरंच होतं. त्यांनी तो एका माणसापुरता मोडला होता, हेही खरं. आणि इतक्या वर्षांत दोन्हींमधली भानगड त्यांनी कुणालाही सोडवायला दिली नव्हती, तिलासुद्धा.

"काका, व्हिडिओ करा," ती म्हणाली. "तुमचं जे म्हणणं आहे ते सांगा. मीही माझं सांगेन, मला शेवट नाही आवडला. पण बाबांचं नाव नको."

"अगं, संस्थापक आहेत ते. लोक विचारतील, त्यांचं मत काय असतं म्हणून."

"सांगा, आम्हाला माहीत नाही."

"हे फार लुळं वाटतं गं."

"लुळं तर लुळं," आई दारातून म्हणाली. ती स्वेटरची बटणं लावत होती. "खरं आहे ना?"

तसाच व्हिडिओ झाला. सरांनी गणित सांगितलं, सिस्टरनी साखरेत घोळलेल्या औषधाचं सांगितलं, मुलीने पांढऱ्या दाताचं. शेवटी सचिवांनी, तोंडात खडा आल्यासारखं करून, "आमचे दिवंगत संस्थापक यावर काय म्हणाले असते हे आम्हाला सांगता येत नाही," एवढं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लोक त्या एकाच वाक्यावर तुटून पडले. निम्म्यांनी अर्थ काढला की संस्थापकांना शेवट आवडला असता, म्हणून मंडळ दडपतंय. निम्म्यांनी काढला की ते इतके चिडले असते की बोलवत नाही. मुलगी कामावरून आली तेव्हा आई खिडकीशी काजं करत बसली होती.

"काय म्हणतायत लोक?"

"भांडतायत."

"भांडू दे. दुसरं काम काय त्यांना." आईने काज पुरं केलं, शर्ट फिरवला, पुढचं धरलं. मग म्हणाली, "रोज वरून खाली यायचे ना, तेव्हा मला सांगायचे, डॉक्टर म्हणालेत काळजीचं कारण नाही. हसून सांगायचे. मी पण मूर्ख, विश्वास ठेवला. आणि हातात हे पान."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"दोघं मिळून घाबरलो असतो," आई म्हणाली. "एकट्यानेच घाबरून घेतलं सगळं. कामावर जायचे, वर जायचे, खाली यायचे. वर आणि गोष्टी बनवायच्या."

मुलगी पलंगाच्या कडेला बसली. तिने पुढचा शर्ट उचलून त्याची घडी मोडून आईपुढे धरला.

"मी एक विचारते," आई म्हणाली. "तू वाचलंयस म्हणून. त्या कोऱ्या पानाआधी, पोरगी गेल्याचं कळतं त्या बाईला. आणि लगेच पुस्तक संपलं. पुढे काय करते ती?"

"पुढे काही नाही. तिथेच संपतं ते. बाबा म्हणायचे, तीच त्याची खुबी."

"खुबी असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळ होतेच ना? यान उतरलंय, बाई जिवंत आहे. उठून काहीतरी करत असेलच की. तोंड धूत असेल. काय करते ते नको का सांगायला?" आईने सुई उजेडाकडे धरली. "एवढं शिकलेला लेखक, आणि नेमकं तेच गाळलं त्याने. पुढच्या महिन्यात जाते मी तुमच्या मंडळात आणि विचारते त्या सरांना. गणित माहितीये म्हणतात ना? मग हे सांगू देत."

"उलट्या फेरीत आधी तारीफ करावी लागेल," मुलगी म्हणाली. "नाहीतर खाली सायकलींची हवा बघायला पाठवतात."

"करीन की. पान छान छापलंय म्हणेन."

मुलीला हसू आलं, आणि हसता हसता तिला रडू आलं, ते थांबेना. आईने हातातलं काज सोडलं नाही. टाका पुरा केला, दोरा तोडला, मग सुई शर्टात टोचून ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.